सिस्टरला विचारा : इंग्रजीत बरं नाही वाटत

गेल्या अंकात मी विचारलं होतं, इंग्रजीत दुखणं सांगताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं? माझी नोकरीची बरीच वर्षं इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात, मेडिकल वॉर्डात गेली. आता नाशिकला परत येऊन परदेशी निघालेल्या नर्सिंगच्या मुलींना बोलायला शिकवते. म्हणून वाटलं होतं, पत्रं त्यांचीच येतील. आली ती त्यांच्या आयांची, सासऱ्यांची, आणि एका खलाशाची. जागा थोडी आणि दुखणी फार, तेव्हा निवडक घेते.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने इंग्लंडमध्ये, लीड्सला जायचंय. मला पित्ताचा जुना त्रास. जावई म्हणतात, “ॲसिडिटी म्हणा, काम झालं.” पण दर वेळी ॲसिडिटी नसते हो! तिकडच्या डॉक्टरला पित्त कसं सांगू?
– होणारी आजी, इचलकरंजी

होणाऱ्या आजी, जावयांना सांगा, सिस्टर तुमच्या बाजूने आहे. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा चार निरनिराळी दुखणी एकाच पिशवीत कोंबलेली असतात. जेवणानंतर छातीच्या मधोमध जळजळ, घशाशी आंबट, करपट ढेकर : हे ‘हार्टबर्न’. नावात हार्ट असलं तरी काळजाशी त्याचा संबंध नाही. पोट गच्च, गुबारा धरल्यासारखं झालं, तर ‘आय फील ब्लोटेड’. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सोसत नाही, उलटी होऊन ‘पित्त पडलं’ की मोकळं वाटतं, ती बहुधा अर्धशिशी. तिथे ‘मायग्रेन’ म्हणतात. आणि अंगावर पित्त उठून लाल गांधी आल्या, खाज सुटली, तर ‘हाइव्ज’. जावयांची ॲसिडिटी यातल्या पहिल्याच प्रकाराला लागू पडते.

शब्दकोशात पित्तासमोर ‘बाइल’ सापडेल. तो शब्द उगीच वापरू नका. ‘आय व्हॉमिटेड बाइल’ म्हणालात की उलटी हिरवी होती का, असा पहिला प्रश्न येईल. हिरवी उलटी म्हटली की आतड्यात कुठे अडथळा आहे का, हे बघावं लागतं. म्हणजे तुम्ही लेकीसाठी डिंकाचे लाडू वळायचे सोडून स्कॅनच्या रांगेत. खरोखरच हिरवी झाली, तर मात्र लपवू नका.

उष्णतेचंही असंच. ‘आय हॅव हीट’ म्हटलंत तर बिचारे खिडकी उघडतील. उष्णतेने काय झालं, ते सांगायचं. तोंड आलंय? ‘माउथ अल्सर्स’. लघवीला जळजळतंय? ‘इट बर्न्स व्हेन आय पी’. तळपाय जळतात? ‘द सोल्स ऑफ माय फीट बर्न’. साखरेचा आजार असेल तर हे तळपायांचं आवर्जून सांगा, उष्णतेच्या खात्यावर टाकून मोकळ्या होऊ नका.

तिकडे साध्या दवाखान्याच्या पाटीवर ‘सर्जरी’ लिहिलेलं असतं. दचकू नका, आत कुणी कापाकापी करत नाही. तिथला डॉक्टर म्हणजे ‘जीपी’. पोचल्यावर लेकीकडून त्यांच्याकडे नाव नोंदवून घ्या. जीपीला दाखवायला पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत. दाखल व्हायची वेळ आली तर बिल येऊ शकतं, म्हणून विमा हवाच. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणायचं. दुभाषी फुकट मिळतो, बहुतेक वेळा फोनवर. आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, पण ब्रँडचं मोठं नाव तिथे कुणी ओळखणार नाही. त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल, तसं. ती बारीक अक्षरं इथेच नातवंडाकडून वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : ‘माय हेड इज पेनिंग’ हे आमचे सर चूक देतात. आमचे डॉक्टर तर स्वतःच विचारतात, ‘व्हेअर इज इट पेनिंग?’ खरं कुणाचं?
– बारावीचा विद्यार्थी, गडहिंग्लज

दोघांचंही. गडहिंग्लजात तू बोललास, डॉक्टरांना कळलं, गोळी मिळाली, इथे वाद संपला. परीक्षेत मात्र सरांचं ऐक : ‘माय हेड हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ हेडेक’. डोकं, दात, कान, पोट आणि पाठ यांना ‘हेडेक’मधल्या ‘एक’ची शेपटी लागते. गुडघ्याला लागत नाही, त्याला ‘माय नी हर्ट्स’. आणि ‘सिन्स थ्री डेज’ आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंय, ते सोड. ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’, किंवा वार सांगायचा असेल तर ‘सिन्स मंडे’.

पण मला विचारशील तर व्याकरणापेक्षा अवयवांत घोळ जास्त होतो. कंबर दुखते म्हणून ‘माय वेस्ट’ म्हणालास तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिंप्याची टेप येईल. दुखते ती ‘लोअर बॅक’. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. त्यांचा मनगटाच्या वर ‘आर्म’ आणि पुढे ‘हँड’. पायाचंही तेच, घोट्याच्या वर ‘लेग’, खाली ‘फूट’. पोट दुखत असेल तर बेंबीच्या वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते बोट ठेवून सांग. ‘बिलो माय बेली बटन, ऑन द राइट’ एवढ्याने डॉक्टरचं अर्धं काम होतं.

दुखण्याच्या जातीही सांगता आल्या पाहिजेत. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’. चमक निघाली तर ‘शूटिंग पेन’. सुरी खुपसल्यासारखं ‘स्टॅबिंग’. मुरडा म्हणजे ‘क्रॅम्प्स’. मुंग्या आल्या तर ‘पिन्स अँड नीडल्स’. मंद, दिवसभर मागे लागलेलं ‘डल एक’. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याच्या वर्णनाचे असे ७८ शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली छापली. शब्दावरून दुखण्याचा माग लागतो, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. तुझ्या आजीजवळ बस. कळ, ठणका, शिवशिव, रखरख, चुरचुर, सणक, उसण, वांब... ती तुला दुसरी यादी सांगेल.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला नोकरीला आहे. सर्दी-डोकेदुखी होती म्हणून मॅनेजर बाईंना ‘फीलिंग सिक’ असा मेसेज टाकला. त्यांनी विचारलं, ‘हॅव यू ॲक्चुअली बीन सिक?’ मी म्हटलं, ‘येस, सिन्स यस्टरडे.’ तर म्हणाल्या, ४८ तास ऑफिसात पाऊल टाकू नका! एवढ्याशा सर्दीला?
– मूळचा चिंचवडचा

त्यांनी विचारलं होतं, “उलटी झाली का?” आणि तुम्ही म्हणालात, “हो, कालपासून चालू आहे.” ब्रिटनमध्ये ‘आय हॅव बीन सिक’ म्हणजे उलटी झाली, ‘आय फील सिक’ म्हणजे मळमळतंय. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास कामावर जायचं नाही, ही तिकडची रीतच आहे, कारण पोटाचा संसर्ग ऑफिसभर पसरतो. अमेरिकेत हाच शब्द साध्या आजारपणाला चालतो. ब्रिटनमध्येही ‘ऑफ सिक’ म्हणजे नुसती आजारपणाची रजा, त्यात उलटी नाही. यात तर्क शोधू नका.

सर्दीला ‘आय हॅव गॉट अ बॅड कोल्ड’. ‘आय ॲम फीलिंग कोल्ड’ म्हणाल तर हीटर लावतील. नाक चोंदलंय तर ‘बंग्ड अप’, वाहतंय तर ‘रनी नोज’. अजून काही ठरलेलं नाही, नुसती कसकस आहे, अंग मोडून आलंय, अशा वेळी ‘आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग’.

मेसेज मोठा नको. आपण शाळेत ‘आय बेग टू स्टेट’ घोकलं, पण ती भीक तिथे कुणी मागत नाही. ‘आय ॲम नॉट वेल टुडे, सो आय वोन्ट बी इन. आय विल लेट यू नो टुमॉरो’ एवढं बस्स. सात दिवसांपर्यंत डॉक्टरचा कागदही लागत नाही, आजारी होतो असं तुम्हीच लिहून द्यायचं. त्यापुढे ‘फिट नोट’ लागते. २०१० पर्यंत तिला ‘सिक नोट’ म्हणत.

जाता जाता ‘पुअरली’बद्दल. बायका मुलांच्या शाळेत फोन करून ‘शी इज अ बिट पुअरली’ म्हणतात, ते साधं आजारपण. पण वॉर्डातली सिस्टर नातेवाइकांना शांत आवाजात ‘ही इज व्हेरी पुअरली’ म्हणाली, तर समजा की पेशंटची अवस्था गंभीर आहे आणि जवळच्यांना बोलावून घ्यायला हवं. इंग्रजांचं हे अर्ध्या आवाजातलं बोलणं मला अंगवळणी पडलं, आवडलं मात्र कधीच नाही.

प्रश्न : आई-बाबा माझ्या भावाकडे न्यू जर्सीत, एडिसनला जातायत. दिवसा घरी दोघंच. बाबांना काहीही झालं तरी ते ‘गॅस’ नाहीतर ‘वीकनेस’ म्हणतात. वेळ आली तर ९११ वर, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर, काय बोलायचं, ते लिहून द्यायचंय.
– सोलापूर

ताई, तुमच्या बाबांचे जुळे भाऊ मी वॉर्डात पाहिलेत. एका रात्री एक आपल्याकडचे आजोबा आले. नर्सला सांगत होते, ‘गॅस, गॅस, ओन्ली गॅस’, आणि उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर दाबून धरलेली. कपाळावर घाम. माझी सहकारी आयरिश, तिला ‘गॅस’ म्हणजे काय ते कळेना, पण मूठ कळली. छातीवर दाबलेल्या अशा मुठीला डॉक्टर लोक बॉस्टनच्या हृदयतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांच्या नावाने ‘लेव्हिन्स साइन’ म्हणतात. तिने थेट ईसीजीचं मशीन ओढत आणलं. आजोबांना हार्ट अटॅकच होता. ते बोलण्यात नव्हे, हातात दिसला.

म्हणून बाबांना एक नियम घाला : बेंबीच्या वरच्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणायचं नाही. छातीत काहीही झालं की शब्द एकच, ‘चेस्ट पेन’. दुखत नसून नुसतं दाबल्यासारखं असेल तर ‘प्रेशर इन माय चेस्ट’. आवळल्यासारखं तर ‘टाइट’. हातात, जबड्यात, पाठीत सरकतंय तर ‘इट गोज टू माय आर्म’. धाप लागली तर ‘आय कान्ट ब्रीद’. गॅस आहे की काय, ते त्यांना ठरवू द्या.

‘वीकनेस’ त्याहून फसवा. आपण थकवा आला, जेवण जात नाही, झोप झाली नाही, या सगळ्याला वीकनेस म्हणतो. तिकडे ‘वीकनेस’ ऐकलं की विचारतात, कुठल्या बाजूला? कारण एका बाजूचा हात-पाय गळून गेला तर तो पक्षाघात. थकवा असेल तर ‘आय ॲम टायर्ड’ म्हणा. खरंच हातातली कपबशी निसटली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर ‘वीक ऑन वन साइड’ आणि लगेच घड्याळ बघून वेळ सांगा. शेवटचे धडधाकट कधी होते, हा तिथला कळीचा प्रश्न असतो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ‘सकाळपासून’ हे उत्तर पुरत नाही. ‘ही वॉज फाइन ॲट टेन’ असं हवं.

चक्कर आली तरी नुसतं ‘गिडीनेस’ म्हणून थांबू नका. घर गरगर फिरतंय तर ‘द रूम इज स्पिनिंग’. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते तर ‘लाइटहेडेड’. एकाची तपासणी कानाकडे जाते, दुसऱ्याची बीपीकडे. आणि ‘अनइझी वाटतंय’ हे आपलं लाडकं वाक्य अजिबात नको. तिकडे त्याचा अर्थ मनाला हुरहुर लागलीय, असा होतो. ‘आय डोन्ट फील राइट’ चालेल.

आता फोन. ९११ वर पहिला प्रश्न बहुधा पत्त्याचा येतो, दुखण्याचा नाही. म्हणून फोनजवळच्या कागदावर सगळ्यात वर पत्ता, अपार्टमेंटच्या नंबरासकट, देवनागरीत. खाली : ‘माय हजबंड, सेव्हन्टी टू, चेस्ट पेन’ (वय खरं घाला). त्याखाली : ‘मराठी. इंटरप्रिटर प्लीज.’ एवढं आईंना रोज एकदा मोठ्याने वाचायला लावा, देवाच्या पोथीबरोबर. फोन ठेवायचा नाही, पलीकडचे लोक सांगतील ते ऐकत राहायचं. रुग्णालयातही दुभाषी मागायचा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी तो फुकट द्यायचा असतो. २०१० च्या आरोग्य कायद्याचं १५५७ वं कलम त्यासाठीच आहे. ‘मुलगा आला की बोलू’ म्हणून थांबायचं नाही. तापाचं सोपं आहे, अमेरिकेत आपल्यासारखंच फॅरनहाइट चालतं. ब्रिटनला गेले तर मात्र १०२ ताप सांगू नका. तिथे तो ३९ च्या आसपास.

प्रश्न : नाव-गाव नको. लंडनला मुलाकडे होते. दवाखान्यात नर्सने विचारलं, ‘हाउ आर युअर वॉटरवर्क्स?’ मुलाला वाटलं, घरच्या नळाचं विचारतेय! मला जे सांगायचं होतं ते मुलासमोर बोलता येईना. तशीच परत आले.

परत आलात हे वाईट झालं. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची तक्रार. लाजऱ्या लोकांनी काढलेला शब्द, आपल्या ‘एक नंबर’चा मावसभाऊ. तसंच ‘हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स?’ म्हणजे परसाकडे झाली का. आतडी कुणी उघडत नाही. ‘लूज मोशन्स’ तिकडे अडखळतं, ‘डायरिया’ किंवा ‘रनी पू’ म्हणा. मोठ्या बाईने ‘पू’ म्हणायला संकोचू नये, तिथे डॉक्टरही म्हणतात. वात सरत नसेल तर ‘ट्रॅप्ड विंड’.

तुमच्या पत्राच्या रोखावरून मला जे समजलं, त्यासाठी ही वाक्यं. अंगावरून पांढरं जातं : ‘आय हॅव अ डिस्चार्ज’. अंग बाहेर आल्यासारखं वाटतं : ‘इट फील्स लाइक समथिंग इज कमिंग डाउन’. खोकताना, हसताना लघवी निसटते : ‘आय लीक व्हेन आय कॉफ’. तिन्ही तक्रारी तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या ऐकण्यातल्या आहेत, कुणाची भुवई वर जाणार नाही. आणि ‘व्हेन वॉज युअर लास्ट पिरियड?’ असं सुनेला विचारलं, तर उत्तर पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसाचं द्यायचं, संपल्याचं नव्हे.

मुलाला बाहेर बसवा. ‘कॅन आय सी अ फीमेल डॉक्टर?’ विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुभाषीही बाई मागा. तपासताना सोबतीला दुसरी बाई हवी असेल तर ‘आय वुड लाइक अ शॅपरोन’. सून चालेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही भाग्यवान. माझ्या अनुभवात सासवा सुनांपेक्षा फोनवरच्या अनोळखी बाईशी जास्त मोकळ्या बोलतात.

प्रश्न : मी दापोलीकडचा, मालवाहू जहाजावर एबल सीमन. जहाजावर डॉक्टर नसतो. सेकंड ऑफिसर फिलिपिनो, तोच औषधं देतो आणि जास्त झालं तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारतो. इंग्रजी त्याचंही बेताचं, माझंही. पोटात दुखलं तर सांगू कसं?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्यांना निदान समोर डॉक्टर दिसतो. तुमचं दुखणं सेकंड ऑफिसरच्या ईमेलमधून जातं. कधी ते रोमला पोचतं. तिथलं रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र १९३५ पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला फुकट सल्ला देतंय. म्हणजे तुम्ही, फिलिपिनो ऑफिसर आणि इटालियन डॉक्टर, तिघांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. एका परीने बरंच आहे, कुणी ‘वॉटरवर्क्स’ म्हणणार नाही. साधे शब्द, छोटी वाक्यं, आकडे.

शर्ट वर करून बोट ठेवा. ‘इट स्टार्टेड हिअर. नाऊ इट इज हिअर.’ ही दोन वाक्यं पोटदुखीत सोन्याची. बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकणारी कळ अपेंडिक्सची असू शकते, आणि ती सरकली हे तुम्ही सांगितल्याशिवाय रोमच्या डॉक्टरला कळणार कसं? मग ‘कमिंग अँड गोइंग’ की ‘ऑल द टाइम’. शून्य ते दहात किती. इथे मर्दपणा दाखवून ‘तीन’ म्हणू नका. ‘इट हर्ट्स व्हेन आय वॉक’ असेल तर तेही. उलटी किती वेळा, शेवटची संडास कधी, ताप किती, वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. आधीच कुठली गोळी गिळली असेल तर ‘आय टुक वन टॅब्लेट ॲट सिक्स’ म्हणून पाकीट ऑफिसरच्या हातात द्या. ‘कॉम्बिफ्लाम’ असं लिहून रोमला पाठवलं तर काय कळणार? आत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल आहे, ते पाकिटावरून उतरवून जाऊ द्या.

तुम्ही शेवटी लिहिलंय की साइन-ऑफ करतील, म्हणजे जहाजावरून उतरवून घरी पाठवतील, म्हणून पोरं दुखणं अंगावर काढतात. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केलाय. त्यानुसार जहाजावर असताना उपचाराचा खर्च तुमच्या पगारातून कापायचा नसतो, आणि जमेल तिथे बंदरात डॉक्टरला दाखवायचा हक्क आहे. त्याचं वाक्य पाठ करून ठेवा, ऑफिसरला सांगा आणि नाही ऐकलं तर कॅप्टनला सांगा : ‘सर, आय वॉन्ट टू सी अ डॉक्टर अशोर, ॲट द नेक्स्ट पोर्ट.’